दादाचा हात मागे पडतो

४ मार्च

आज बँकेला फोन लावला आणि होल्डवर माझीच चाल ऐकू आली. कधीकाळी जेवणाआधी घाईघाईने उरकलेली, पियानोवरची, गोडमिट्ट, शेपटीला तोंड जोडलेली. मध्येमध्ये एक बाई सांगते, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे, की पुन्हा माझी चाल पहिल्यापासून सुरू. ऐकता ऐकता मला स्वतःचाच असा काही राग आला! ज्यांचं काम अडलंय, डोकं तापलंय, अशा लोकांच्या कानात मी रोज किणकिणत असते. मेल्यावर म्हणतील, गेली हो बिचारी, ती 'कृपया प्रतीक्षा करा'वाली.

फोन आपटला आणि ठरवलं, बास झालं. जाहिराती, होल्डच्या चाली, लिफ्टमधलं संगीत, पोटासाठी करतेय ते करेनच. पण आठ रचना माझ्या स्वतःच्या आहेत, कोणी न मागितलेल्या. काही जॅझच्या वाटेने जाणाऱ्या, दोन सरळ गुणगुणता येतील अशा पॉप, आणि बाकीच्या दोन्ही घरांतून हाकललेल्या, ज्यांना लोक फ्यूजन म्हणतात. या वर्षी त्यांचं रेकॉर्ड करायचं. मागे कंपनी नाही, निर्माता नाही. मीच आचारी, मीच वाढपी.

दादाला फोन केला. ड्रम्स तोच वाजवणार, दुसरा कोण? "थांब, येतोय," म्हणाला. याचा अर्थ आंघोळ व्हायची आहे. माझा हा भाऊ जन्मात कुठे वेळेवर पोचलेला नाही, आणि वाजवतानाही तेच. ठोका जिथे पडायला हवा तिथे पडत नाही, केसभर उशिरा पडतो. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवतो, दिवसभर नवशिक्यांच्या शेजारी बसून, पाय दुसऱ्या ब्रेकवर. म्हणतो, "समोरचा काय करतो ते आधी बघायचं, मग पाय टाकायचा. तीच सवय हाताला लागली."

आठांतल्या माझ्या सगळ्यात लाडक्या रचनेचं नाव मी 'थांब, येतोय' ठेवलंय. पियानोची ओळ संपते, मी जराशी थांबते, मग दादा येतो. एवढंच आहे त्यात. नाव ऐकून म्हणाला, "धाकटे, अशी जाहीर बदनामी करतेस होय माझी?" पण खूश झाला होता.

२१ मार्च

सगळ्या रचना रेकॉर्ड झाल्या! दिवसभर वाजवून बोटं आखडलीयत, अक्षर असं का आलंय ते पुढे कधी वाचलं तर कळावं म्हणून लिहितेय.

स्टुडिओ म्हणजे एका गादीवाल्याचं जुनं गोदाम. भिंतींना अजून गाद्याच आहेत. रेकॉर्डिंग करणाऱ्याला आम्ही कानसेन म्हणतो, त्याला रस्त्यावरून गेलेल्या स्कूटरचा सूर सांगता येतो. बेस गिटारवर उंट. मान लांब, आणि वाजवताना तोंडात काही नसलं तरी चघळत असतो. सॅक्सोफोनवर डेंटिस्ट, तो खरोखरचा डेंटिस्ट आहे. फुंकतो छान, पण माझ्याशी बोलताना माझ्या डोळ्यांऐवजी दाढांकडे बघतो.

कानसेनने सगळ्यांच्या हेडफोनमध्ये क्लिक सोडला, म्हणजे घड्याळासारखी टिकटिक, त्यावर वाजवलं की सगळं मोजून मापून बसतं. दोन फेऱ्यांनंतर दादाने हेडफोन काढून झांजेच्या खांबाला अडकवला. "कानात कोणीतरी सारखी कडी वाजवतंय. मी दार उघडायला उठेन हं."

"दादा, आजकाल क्लिकशिवाय कोणी रेकॉर्ड करत नाही," कानसेन म्हणाला.

"मग आपण एकटेच की. गर्दी नाही, बरं झालं."

शेवटी क्लिक बंद केला. सगळे एका खोलीत, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. 'थांब, येतोय' पहिल्याच खेपेला झालं. शेवटी मी मान वर केली तर उंट चघळायचा थांबला होता. इतकी वर्षं त्याच्याबरोबर वाजवतेय, हे मी पहिल्यांदा बघितलं.

२६ मार्च

कानसेनने एकटीला बोलावून घेतलं. "ताई, एक दाखवायचंय. रागावू नका."

पडद्यावर उभ्या रेघा, आमची लय मोजून त्यानेच आखलेल्या. रेघेवर ठोका म्हणजे वेळेवर. मी रेघेच्या आसपास, उंट आसपास, आणि दादाचे ठोके सगळे रेघेच्या उजवीकडे. झाडून सगळे. "दादांचा हात मागे पडतो," कानसेन हळूच म्हणाला, दादा गादीमागे उभा असल्यासारखा.

आता हे मला काय नवीन होतं? वीस वर्षं ऐकतेय. पण बघितलं नव्हतं. बघितलं आणि मग ते डोळ्यांसमोरून हलेना. पुन्हा ऐकलं तर प्रत्येक ठोका उशिरा, उशिरा, उशिरा, दुसरं काही ऐकूच येईना. मला लाज वाटली. दादाची की माझी, कोण जाणे.

मग त्याने माउसने एकेक ठोका उचलून रेघेवर ठेवला, कुठे गळला होता तिथे दादाचाच दुसरा आणून चिकटवला. आमचंही थोडंथोडं सरकवलं. आणि ऐकवलं. काय सांगू! चकचकीत. मोठ्या कंपनीचं असतं तसं. ही माझी चाल आहे असं वाटेचना, आणि खरं लिहायचं तर तेच आवडलं.

म्हटलं, एकच करून ठेव. बघू.

२ एप्रिल

इथल्या छोट्या सभागृहात वर्षातून एकदा नव्या रचनांचा कार्यक्रम होतो, ज्यांच्या मागे कोणी नाही अशा संगीतकारांचा. तिथे वर्णी लागली की पुढची दारं उघडतात. तो ठरवणाऱ्या गृहस्थांना मी 'थांब, येतोय' पाठवलं. दोन्ही प्रकारे पाठवलं, काही न सांगता.

आज फोन आला. पहिलं "जरा ढिलं वाटलं, सरावातलं असावं." दुसरं मात्र फारच आवडलं. जूनमध्ये संपूर्ण संध्याकाळ माझी! आणि वर म्हणाले, "तुमचे ड्रमर कोण? त्यांना सोडू नका हं."

मी टुणकन उडी मारली आणि मग बसले. चहा केला, तो गार झाला, पुन्हा केला.

कानसेनला कळवलं, आठही कर.

दादाला सांगायला हवं. सांगणारच आहे. पण आता सांगितलं तर जूनपर्यंत तोंड पाडून बसेल. आणि वाजवलंय तर त्यानेच ना? ठोके त्याचेच आहेत, जागा तेवढ्या बदलल्या. फोटो काढल्यावर आपण नाही का जरा उजेड वाढवत? त्यात काय एवढं. सवडीने सांगीन.

१४ एप्रिल

दादाला रेकॉर्ड ऐकवलं. त्याच्या शिकवणीच्या गाडीत, मैदानाच्या कडेला लावून, कारण त्याच्या मते जगातले सगळ्यात चांगले स्पीकर त्याच गाडीत आहेत. मी चालकाच्या सीटवर, तो नेहमीप्रमाणे शेजारी.

'थांब, येतोय' लावलं. तो डोळे मिटून मांडीवर ठेका धरून ऐकत होता. जरा वेळाने हात थांबला. एवढा गुंगला. संपल्यावर म्हणाला, "पुन्हा लाव." पुन्हा ऐकलं, या वेळी हात मांडीवर नुसता ठेवलेला. मग विचारलं, "कोणी वाजवलंय गं हे?"

माझ्या तोंडातून पटकन निघालं, "कोणी म्हणजे? तूच की."

माझ्याकडे बघितलं. मग हसला. "मस्त वाजवलंय की मग मी!"

हुश्श. जीव भांड्यात पडला. म्हणजे त्याला कळतदेखील नाही, आणि मी उगीच इतके दिवस झुरत होते. त्याने सगळ्या रचना स्वतःच्या फोनवर मागून घेतल्या. "सरावाला," म्हणाला. सराव! दादा! आमच्या घरात हा शब्द त्याच्यासाठी शिवीसारखा होता.

जाताना जागा बदलून त्याने गाडी सुरू केली तर आचका देऊन बंद पडली. त्याच्या हातून. "मास्तर, नापास," मी म्हटलं. क्लच गेला असणार त्या गाडीचा, दिवसभर नवशिके तुडवतात.

३ मे

वहिनीचा फोन. "वन्सं, तुमच्या बंधूंना घेऊन जा."

माझी वहिनी असं वन्सं वगैरे म्हणायला लागली की समजावं, बाई वैतागली आहे. दादाने सरावासाठी रबराची थाळी आणलीय, आवाज होऊ नये म्हणून. ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवून, कामावर जायच्या आधी आणि आल्यावर, टकटक, टकटक. कानात हेडफोन. हाक मारली तर ऐकू जात नाही. "काल कांदा चिरायला दिला तर तो पण टकटक चिरला. सगळे तुकडे सारखे! पंचवीस वर्षांत असा कांदा ह्यांनी चिरलेला नाही."

मी हसून हसून लोळले. म्हटलं, "वहिनी, अगं कांदा सुधारला, आभार मान माझे."

"पूर्वी वाजवायचे तेव्हा मला खुर्चीत बसल्या बसल्या झोप लागायची," वहिनी म्हणाली. "छान लागायची. आता नाही लागत."

बिचारी. पण मला मनातून इतकं बरं वाटलं. रेकॉर्ड ऐकून दादाला हुरूप आलाय. आयुष्यात पहिल्यांदा त्याने माझं काम मनावर घेतलंय. कधी कधी असं होतं, आपण भीतभीत एक गोष्ट करतो आणि तिचं सोनं होतं.

२४ मे

पहिली एकत्र तालीम. दादा माझ्या आधी हजर! दाराशी काड्या घेऊन उभा. मी घड्याळ कानाला लावून बघितलं, चालतंय ना म्हणून. "काय रे, वहिनीने हाकललं का?" तर नुसतं, "वेळेवर आलेलं बरं."

आणि वाजवलं असं की काय विचारता! रेकॉर्डवर आहे तसंच्या तसं, एक ठोका इकडचा तिकडे नाही. डेंटिस्ट खूश, त्याला श्वास कुठे घ्यायचा ते म्हणे आता नेमकं कळतं. माझंच 'थांब, येतोय'मध्ये दोनदा चुकलं. ओळ संपल्यावर उगाच थांबले, जुन्या सवयीने. तोवर दादा पुढे निघून गेलेला. माफी मागून पुन्हा घेतलं.

दादा मात्र वाजवताना कोणाकडेच बघत नव्हता. नजर जमिनीवर, ओठ हलतायत. मोजत असावा. मधल्या चहाला माझ्याजवळ आला, "कुठे मागे पडलो का गं?" म्हटलं, "नाही रे, छान चाललंय." थोड्या वेळाने पुन्हा, "खरं सांग, कुठे मागे?" निघताना परत तेच. किती काळजी घेतोय. मला भरून आलं, पण काहीतरी खटकलंही, काय ते सांगता येत नाही. कपभर चहात त्याने एकही विनोद केला नाही, ते असेल.

उंट जाताना म्हणाला, "आज मी कोणाबरोबर वाजवत होतो कळलं नाही." उंटाचं हे नेहमीचं. त्याला पाऊस पडला तरी तक्रार, नाही पडला तरी तक्रार.

७ जून

उंटाशी कडाक्याचं भांडण. त्याने कानसेनकडे जाऊन मूळचं रेकॉर्डिंग ऐकलं, दोन्ही शेजारीशेजारी लावून. आणि तडक माझ्या दारात.

"भावाला सांगितलंस?"

"त्याला आवडलंय."

"मी काय विचारलं? सांगितलंस का?"

मग मीही सुटले. म्हटलं, तुझं काय जातं? तुझा बेस सुटा, स्वच्छ ऐकू येतोय, लोकांना आवडतंय, सभागृह मिळालंय, जन्मभर काय लग्नांत आणि दुकानांच्या उद्घाटनांत वाजवायचंय? तो ऐकून घेत होता, चघळत. मग म्हणाला, "तुझा पियानो पुढे असतो, तुझा भाऊ मागे. मध्ये एक फट असते. एवढीशी. इतकी वर्षं मी त्या फटीत वाजवलंय. ती तू बुजवलीस. आता मी बसू कुठे?"

मी म्हटलं, "उंटाला फटीत बसायची हौस कशाला?" वाईट बोलले. तो हसला नाही. कार्यक्रमाला येईन म्हणाला, शब्द दिलाय म्हणून. जिना उतरून गेला.

बोलून चालून उंटच. नाकाने कांदे सोलतो. मोठा आला फटीत बसणारा.

दुपारभर मूळचं रेकॉर्डिंग ऐकावं असं वाटत होतं. नाही ऐकलं. कार्यक्रम झाला की दादाला सांगून टाकीन. आता अगदी तोंडावर आलंय.

१५ जून

कार्यक्रम झाला. लोकांना आवडला. खुर्च्या भरल्या होत्या, मागे काही जण उभे होते, दोनदा वन्स मोअर. सगळं मनासारखं झालं आणि मी इथे बसून रडतेय, तर ते का, हे लिहून काढते, म्हणजे निदान मला तरी कळेल.

'थांब, येतोय' शेवटी ठेवलं होतं. तालमीत चुकत होतं म्हणून मी घरी पाठ केलं होतं, थांबायचं नाही, थांबायचं नाही. पण लोक इतके शांत ऐकत होते की मी विसरले. ओळ संपली आणि मी थांबले. आणि तो आधीच तिथे होता. माझी वाट न बघता. ठोका बरोबर जागेवर, झांज बरोबर जागेवर, आणि मी हात उचलून तशीच. लोकांना काही कळलं नाही. मला मात्र कळलं. मी मान वळवून बघितलं तर दादा जमिनीकडे बघत मोजत होता. माझ्यापासून चार हातांवर बसलेल्या माणसाची मला इतकी आठवण आली की पुढची ओळ वाजवता येईना. कशीबशी वाजवली.

मी ही चाल कशावर केली होती? तो येईपर्यंतच्या त्या एवढ्याशा वेळावर. तेवढंच तर होतं तिच्यात. ते मीच काढून टाकलं, आणि उरलेलं काय आहे? होल्डवर लावतात तसलं काहीतरी.

नंतर सभागृहाचे गृहस्थ आले, दादाचा हात दोन्ही हातांत धरून हलवला. "हुबेहूब हो! अगदी रेकॉर्डसारखं!" दादा घामाने निथळत होता, आणि त्याने त्यांच्याकडे नाही, माझ्याकडे बघितलं. शाळेतून निकाल घेऊन आल्यावर आईकडे बघायचा, तसं. मी हसले. काय करणार होते?

१८ जून

दोन वर्तमानपत्रांत चार चार ओळी आल्या. चांगल्या आहेत. कात्रण कापलं नाही.

आज मूळचं रेकॉर्डिंग कानसेनकडून मागवून ऐकलं. माझं मेलं डोकं ठिकाणावर नव्हतं मार्चमध्ये. रेघा बघितल्या आणि कान बंद झाले. उंटाला फोन केला, उचलला नाही.

२३ जून

दादाकडे गेले. सकाळी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी. वहिनी बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. दादा स्वयंपाकघरात, समोर ती रबराची थाळी.

मी बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं. रेघा, कानसेन, दोन्ही प्रकारे पाठवलेलं, सगळं. उभ्या उभ्या, पर्स खांद्यालाच. तो ऐकत होता. मग म्हणाला, "बस तरी. माहितीये मला."

"केव्हापासून?"

"गाडीत. अगं, 'थांब, येतोय'च्या शेवटाकडे माझ्या हातून काडी सुटली होती. दुसरी उचलेपर्यंत दोन ठोके गेले होते. आणि रेकॉर्डवर? एकही गेलेला नाही. मला काय माझा हात ओळखू येत नाही?"

"मग बोलला का नाहीस?"

तो काड्यांशी खेळत राहिला. "तू म्हणालीस ना, तूच वाजवलंयस. म्हटलं, आता हिने लोकांनाही तेच सांगितलं असणार. तर मग आपण तसं वाजवायला शिकू. म्हणजे ते खोटं राहणार नाही."

मला वाटलं आता जमीन दुभंगावी. त्याने सहज सांगितलं, चहात साखर किती ते सांगावं तसं. मी खूप रडले. वहिनी आत आली, बघितलं, पुन्हा बाल्कनीत गेली. दादा म्हणाला, "अगं वेडे, त्यात काय रडायचं? झालं ना सगळं नीट?"

मी डोळे पुसले आणि म्हटलं, "दादा, आपण पुन्हा रेकॉर्ड करू. क्लिक नको, रेघा नकोत. उंटाच्या मी पाया पडेन. तू फक्त वाजवायचास तसं वाजव."

"वाजवायचो तसं म्हणजे कसं?"

मला वाटलं, टोमणा मारतोय. पण नव्हता मारत. खरंच विचारत होता. मी ओठांनी पियानोची ओळ गुणगुणले, शेवटी थांबले. त्याने ठोका दिला. बरोबर जागेवर. "नाही रे, जरा मागे." पुन्हा गुणगुणले. या वेळी त्याने मनात काहीतरी मोजलं आणि मुद्दाम उशिरा दिला. ते उशिरा होतं, पण ते दादाचं नव्हतं. कोणीतरी दादाची नक्कल करत होतं. "असं का?" त्याने विचारलं. आम्ही पुष्कळ वेळा करून बघितलं. तो मनापासून करत होता आणि त्याच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी मीच म्हटलं, राहू दे.

माझ्या फोनवर मूळचं होतंच. म्हटलं, ऐक, म्हणजे आठवेल. लावलं. पियानोची ओळ संपली, मी थांबले, आणि तो आला. त्या ओट्यापाशी, फोनच्या फुटक्या आवाजात, माझा भाऊ आला. मला वाटलं, आता जमेल. ऐकलं की हात आपोआप जाईल तिकडे.

दादा मान खाली घालून ऐकत होता. मध्येच कपाळाला आठी पडली. मग आणखी एक. संपल्यावर म्हणाला, "हा मागे पडतोय गं."

"हा तूच आहेस, दादा."

"कळतंय ना. मीच आहे. पण मागे पडतोय. सगळीकडे." त्याच्या आवाजात राग नव्हता, कुचकेपणा नव्हता. गाडी शिकणाऱ्यांबद्दल बोलतो तसा बोलत होता. मग माझ्याकडे बघून विचारलं, "इतकी वर्षं तुम्ही कोणी मला बोलला कसे नाहीत? सगळे सांभाळून घेत होतात होय?"

मी नाही नाही म्हणत राहिले. तसं नव्हतं, उलट होतं, आम्हीच तुझ्यावर टेकून होतो. त्याने ऐकून घेतलं, पण विश्वास बसलेला दिसत नव्हता. माझा हात थोपटला, फोन पुन्हा पहिल्यापासून लावला आणि काड्या उचलल्या.

"बघ, दाखवतो तुला," म्हणाला. माझ्या प्रत्येक ओळीच्या शेवटी, तो जुना ठोका यायच्या केसभर आधी, त्याने थाळीवर काडी टेकवली. "इथे पडायला हवा होता. इथे. आणि इथे." आणि प्रत्येक वेळी तो बरोबर होता.